वरचं तुझं, खालचं माझं

स्किलेट रन, वेस्ट व्हर्जिनिया
१९ नोव्हेंबर

डेल,

तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात विचारलेलं काय असतं, तर "स्वयंपाकघरातली शेगडी अजून आपल्याच विहिरीच्या गॅसवर चालते ना?" आत आणखी एखादा कागद राहिलाय का म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. नव्हता.

पत्र आलंय हे आत्याला सांगितलं तेव्हा तिने चष्मा वर केला.

"डेलचं? मेला का तो?"

"मेलेला माणूस पत्र कसं लिहील, आत्या?"

"मग त्याच्याकडचं कुणीतरी मेलं असेल. उगाच कशाला लिहितोय तो?"

तर ओसी आत्या ही अशी आहे. नव्वदी ओलांडली, पाय गेले, जीभ शाबूत आहे. तू तिच्याबद्दल विचारलं नव्हतंस, तरी सांगितलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, चालते. शेगडी, दोन्ही हीटर, तळघरातली पाणी तापवायची टाकी आणि फाटकावरचा दिवा, सगळं आजोबांच्या विहिरीवर. वर टेकडीवर विहीर, तिथून नळी, नळी भिंतीपाशी, काही बदललेलं नाही. ज्योत तीच मरतुकडी. घेवडा सकाळी चढवला तर संध्याकाळपर्यंत शिजतो.

तुझ्या वकिलाचं म्हणणं मला समजलं, मी काही अगदीच खुळी नाही. आजोबांनी केलेला करार जोवर विहिरीतून गॅस निघतोय आणि वापरला जातोय तोवर जिवंत. त्या विहिरीचा गॅस विकत घेणारं आता कुणी उरलं नाही, तेव्हा वापरणारी म्हणजे मी. माझ्या शेगडीवर करार उभा, आणि कराराच्या जोरावर गॅस कंपनीने आपल्या टेकडीच्या पोटात आडवी भोकं पाडलेली, ज्यांची रॉयल्टी तुला ॲरिझोनात येते. मी शेगडी बंद केली तर करार मेला, तुझे चेक थांबले, आणि पुढे कोर्टात किती वर्षं जातील ते देव जाणे. "एक दिवसही खंड पडता कामा नये," असं तू खाली दोन रेघा मारून लिहिलंयस. रेघांची गरज नव्हती.

मी भांडायला लिहीत नाहीये. बाबांना पुरून आल्यावर याच टेबलावर वाटणी झाली. मी घर आणि टेकडी मागितली. तू म्हणालास, "वरचं तुझं, खालचं माझं." तेव्हा खाली दगडांशिवाय काही नाही असं सगळेच धरून चालले होते, आणि तुला खुळ्यात काढून हसला तो शेजारचा हॉबर्ट, मी नव्हे. पुढे ट्रक आले, रस्ता फुटला, झऱ्याचं पाणी गढूळ झालं, तेव्हा कंपनीशी जरा बोल म्हणून मी तुला लिहिलं. तू एका ओळीत उत्तर दिलंस, "वरचं तुझं आहे, तूच बघ." मग मी पण लिहिलं नाही. हट्टीपणात आपण दोघं बाबांचीच पोरं.

पण आता तू लिहिलंयस. कशासाठी का असेना, लिहिलंयस. शेगडी बंद होणार नाही, हे माझं वचन.

आणखी एक सांगणार होते, फाटकावरच्या दिव्याबद्दल. पण ते काही एवढं महत्त्वाचं नाही.

तुझी बहीण,
नेड्रा


२ डिसेंबर

डेल,

उत्तर आलं नाही. हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत, पोस्टमन बंदूक घेऊन रानात असेल असं मी मनाला समजावलं.

ते दिव्याचं सांगायचं राहिलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. फाटकावरच्या दिव्याची ज्योत, जी आपल्या आयुष्यभर अंगठ्याएवढी होती, ती मशालीसारखी भकाभका जळायला लागली आहे. मागच्या आठवड्यात तिची काच तडकली. आजोबांच्या वेळची काच, इतक्या हिवाळ्यांत बर्फाने फुटली नाही ती.

शेगडीचंही तसंच. बटण अगदी खालच्या खुणेवर असलं तरी ज्योत पातेल्याला बाहेरून कवळते. परवा घेवडा करपला. आपल्या शेगडीवर घेवडा करपतो हे मी पहिल्यांदाच बघितलं. हॉबर्ट कॉफीला आला होता. त्याने शेगडीकडे वाकून बघितलं आणि पटकन मान मागे घेतली.

"नेड्रा, तुझ्याकडे कॉफीला आलं की दाढी फुकटात होते," म्हणाला. पण हसला नाही. तुला आठवत असेल, तो हसल्याशिवाय विनोद करत नाही. आता तो गावच्या अग्निशामक पथकात आहे, बिनपगारी, आणि असल्या गोष्टी बघतो.

त्याचं म्हणणं असं. कंपनी टेकडीपलीकडे नव्याने खडक फोडतेय, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत ढकलतेय. तो दाब आत कुठेतरी फट काढतो. आजोबांची विहीर म्हणजे टेकडीतलं जुनं भोक, तिच्या लोखंडाला शंभर वर्षं झाली. दाबाला वर यायला ती सोपी वाट.

म्हणून मी कंपनीला फोन लावला. एक पोरगी बोलली, आवाज साखरेत घोळलेला. तिने विहिरीचा क्रमांक विचारला, मी सांगितला.

"बाई, ही विहीर तुमच्या नावावर नाहीये."

"माझ्या घराला तिचा गॅस येतो."

"हो बाई. पण आम्हाला मालकाशीच बोलता येतं."

"मालक माझा धाकटा भाऊ आहे. मी त्याची लंगोटी बदललेली आहे."

"मग त्यांना फोन करायला सांगा ना," म्हणाली, आणि दिवस चांगला जावो असं म्हणून ठेवून दिला.

तर तुला सांगतेय. तू फोन कर. खालचं तुझं आहे, ते तुझं ऐकतील. एवढंच विचार, की जुन्या विहिरीत दाब चढतोय का आणि घराला धोका आहे का.

तू मला भित्री म्हणशील. म्हण. पण बाबा काय सांगायचे ते तुलाही पाठ आहे. शहरातल्या गॅसला वास घालतात, आपल्याला जमिनीतून येतो तसाच येतो. वास येईल म्हणून थांबाल तर थांबूनच राहाल.

नेड्रा


१३ डिसेंबर

डेल,

कार्ड मिळालं. "बोललो त्यांच्याशी. काळजीचं कारण नाही. चालू ठेव." निवडुंगाचं चित्र आत्याला फार आवडलं. तिने ते खिडकीत लावलंय आणि येईल त्याला सांगते, डेल राहतो तिथे झाडांनासुद्धा काटे आहेत.

तू फोन केलास. मला आशा नव्हती, खरं सांगते. कार्ड वाचून मी खुर्चीत बसले आणि थोडी रडले. आत्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं कांदा. हातात कांदा नव्हता, पण तिनेही ते मनावर घेतलं नाही.

तू विचारलंस म्हणजे विचारलंस. काळजीचं कारण नाही. हे मी दिवसातून पुष्कळदा म्हणते.

तरी ज्योत अजून तशीच आहे. उलट वाढलीच आहे. दिवा मी पत्र्याने झाकला होता, पत्रा लाल झाला. नळाचं पाणी आता थुंकतं. पेल्यात घेतलं की आधी दुधासारखं पांढरं दिसतं, मग बुडबुडे वर जाऊन निवळतं. आत्याला मी ते देत नाही, हॉबर्टकडून कॅन आणते. आणि जमिनीतून घरघर येते. कान दिला तर ऐकू येत नाही, पण अनवाणी उभं राहिलं की तळव्यांना कळते. कपाटातल्या बशा आपसांत बोलतात. मी प्रत्येक बशीखाली रुमाल घातला, आता त्या गप्प आहेत आणि मला ते जास्तच वाईट वाटतं.

मी अंगावर कोट घालून, बूट घालून झोपते. आत्याने विचारलं, "पोरी, कुठे निघालीयस का?" मी म्हटलं, पाय गार पडतात. या घरात पाय गार पडणं शक्य नाही हे तिलाही माहीत आहे. हीटर रसरसतोय आणि तिच्या डोक्याशी खिडकी सताड उघडी. आपलं आयुष्यभराचं तेच. गॅस फुकट, तर ज्योत कशाला कमी करायची, उकडलं तर खिडकी उघडा. शहरातून लग्न होऊन आलेल्या बायका यावर हसायच्या. परवा हॉबर्ट मात्र म्हणाला, "ती खिडकी बंद करू नकोस. कितीही बर्फ पडो." का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एक गोष्ट कबूल करते. मंगळवारी मी पाना घेऊन घराच्या मागे गेले होते. रेग्युलेटरच्या अलीकडे तो व्हॉल्व्ह आहे, बाबा दर हिवाळ्यात ज्याला वंगण लावायचे. तो बंद केला की घराचा गॅस बंद. रेग्युलेटर कानाला ऐकू येईल एवढा शिटी मारत होता. मी पाना लावला. पाव वेढा फिरवला सुद्धा. मग परत पूर्वीसारखा केला आणि आत आले.

का, ते ऐक. गॅसची भीती मला होतीच, माझी पाचावर धारण बसली होती. पण व्हॉल्व्हला हात लावल्यावर दुसरीच भीती वर आली. वाटलं, ही ज्योत गेली की तुझी पत्रं गेली. ती जळतेय म्हणून तू लिहितोस. आत्या म्हातारी झाली, तिच्यानंतर माझं रक्ताचं असं तूच. एवढ्यासाठी मी दाब सोसायला तयार आहे, आणि तू म्हणतोसच की धोका नाही.

त्यांनी आणखी काय सांगितलं ते जरा सविस्तर लिही ना. कुणाशी बोललास, तो माणूस काय म्हणाला. मला शब्द न् शब्द हवाय, म्हणजे भीती वाटली की मी तो वाचीन.

तुझी,
नेड


२० डिसेंबर

डेल,

घाईत लिहितेय, हॉबर्ट गावात चाललाय, त्याच्याबरोबर टाकायला देते.

तुझ्याकडून शब्द न् शब्द आला नाही. तुझा फोन नंबरही माझ्याकडे नाही, तू पत्रात घातला नाहीस. म्हणून हे पत्र मिळताच तू हॉबर्टच्या घरी फोन कर. त्याचा नंबर तोच आहे, बाबांच्या वेळचा.

आज हॉबर्ट आणि मी भांडलो. तो म्हणतो, आत्ताच्या आत्ता बंद कर आणि आत्याला घेऊन माझ्याकडे चल. मी म्हटलं डेलने चौकशी केलीय.

"डेल कुठे आहे?"

"ॲरिझोनात."

"मग त्याच्या शेगडीला काय धाड भरलीय? त्याने तिथून म्हणावं चालू ठेव, आणि तू इथे बूट घालून झोप."

"तो माझा भाऊ आहे, हॉबर्ट."

"म्हणूनच म्हणतोय," म्हणाला, आणि मग बराच वेळ त्याने टोपी हातात फिरवली.

मी त्याला घालवून दिलं. तो पंधरा मिनिटांत परत आला, पत्र असेल तर दे म्हणून. त्याच्या मनात राग राहत नाही.

डेल, मला बंद करायचंय. मी तुला विचारतेय, कारण वचन मी तुला दिलंय. तुझे चेक थांबतील हे मला कळतं. तिकडे तुझं काय काय त्या पैशावर उभं आहे मला माहीत नाही, तू कधी सांगितलं नाहीस, पण माणूस घर बांधतो, कर्ज काढतो, ते मी समजू शकते. तू फक्त फोनवर म्हण, "नेड, कर बंद." मग करार जाऊ दे खड्ड्यात. आपण वर-खाली दोन्ही पुन्हा मांडू, जे उरेल ते निम्मं निम्मं. मला तर वरचंही एकटीला नकोसं झालंय.

तळघरात मी आता जात नाही. जिन्याचं दार उघडलं की डोकं हलकं होतं. आत्याचं लोणचं खाली आहे, ती रोज मागते, मी रोज संपलं म्हणते.

लवकर फोन कर.

नेड


२९ डिसेंबर
चर्चचं तळघर

डेल,

आत्या जिवंत आहे. मीही. हे तुला हॉबर्टने कळवलंच असेल, पण माझ्या हाताने लिहायचं होतं.

मी तुझ्या फोनची वाट बघितली नाही. तेवीस तारखेला सकाळी कुट्टूच्या पिठाच्या पोळ्या करत होते. आत्याला चाकाच्या खुर्चीत बसवून टेबलाशी आणलं होतं. शेगडी पेटवली. ज्योत तव्याच्या चारी बाजूंनी वर आली आणि धुराड्याच्या पत्र्याला लागली, आणि पिवळी होऊन तिथेच थांबली. बटण बंद केलं तरी ती लगेच खाली येईना. आत्या गप्प बसून बघत होती. आत्या कधी गप्प बसते का? मग म्हणाली,

"पोरी, ही आपली ज्योत नाही."

"आपलीच आहे गं, जरा जोरात आहे."

"नव्वद वर्षं बघतेय मी तिला. ही आपली नाही. हिला कुणी बोलावलं?"

तिच्या आवाजात भीती होती. आपली आई गेली तेव्हा आणि पूर आला तेव्हा जी बाई घाबरली नाही, ती त्या शेगडीला घाबरली. मी पाना उचलला, मागे गेले आणि व्हॉल्व्ह बंद केला, पूर्ण, हाताला फोड येईपर्यंत. तुझी आठवण झाली. खोटं कशाला सांगू, मी मोठ्याने "माफ कर" म्हणाले. मग हॉबर्टला फोन केला आणि तो आपला ट्रक घेऊन आला.

गॅस बंद केल्यावर सुटलो असं मला वाटलं होतं. शिटी थांबली. पण बंद झाली ती फक्त नळी. दाबाला आता नळीची वाट नव्हती म्हणून, की तो आधीपासूनच जमिनीतून येत होता म्हणून, ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही, पण तळघरात तो खालूनच शिरत होता. झऱ्याच्या काठचा चिखल उकळत होता, हॉबर्टने तो ट्रकमधून उतरतानाच बघितला आणि म्हणाला, "सामान नको. आत्याला उचल."

आत्याला गोधडीत गुंडाळून आम्ही ट्रकमध्ये घातलं. हॉबर्टने गाडी चालू केली आणि आत्या ओरडायला लागली.

"माझे दात!"

दात स्वयंपाकघरात, ओट्यावर पेल्यात.

"नवे आणू, आत्या."

"नाताळ दोन दिवसांवर आलाय, मी काय हिरड्यांनी खाऊ? आण जा माझे दात."

आणि डेल, मी उतरले. नव्वद वर्षांच्या बाईने सांगितलं म्हणून साठी उलटलेली मी दात आणायला निघाले. पायरीवर एक पाय ठेवला होता. हॉबर्टने मागून कोटाची कॉलर धरली आणि मला ओढत आणलं, एखादं मांजर आणावं तसं. मी त्याला शिव्या घातल्या. आम्ही फाटकाबाहेर पडून वळणावर आलो असू, तेव्हा झालं. आवाज मला आठवत नाही. आधी जमीन उचलली गेली असं वाटलं आणि मग ट्रकची मागची काच आमच्या मांडीवर होती. आत्याला ओरखडाही नाही, गोधडीमुळे. मला कानाने अजून नीट ऐकू येत नाही.

स्वयंपाकघर नाही. तळघर उघडं पडलंय. बाबांची खोली उभी आहे पण तिला भिंती तीनच. तळघरातल्या टाकीच्या छोट्या ज्योतीवर साचलेला गॅस पेटला असं म्हणतात. नळी बंद केल्यावर ती विझायला हवी होती. पण नळीतल्या उरल्यासुरल्या गॅसवर ती थोडा वेळ जळत राहिली, आणि तेवढं पुरलं.

इथपर्यंत मी तुला सगळं प्रेमाने लिहिलं असतं. अजूनही हात तसाच चालतोय, सवयीने. पण परवा कंपनीचा माणूस आला. ओक्लाहोमाकडचा, तरुण, ब्रॅडी नावाचा. पांघरुणं आणि कॉफी घेऊन आला. माझ्याशी बोलताना त्याची नजर जमिनीवर होती.

"बाई, तुम्ही घरात काय करत होता?" म्हणाला.

"पोळ्या."

"तसं नाही. तुम्ही घरात कशा होता? आम्हाला वाटलं घर रिकामं आहे."

मी विचारलं, असं कसं वाटलं, मी तर फोन केला होता. तो निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्याने सांगितलं. खडक फोडायच्या आधी आसपासच्या सगळ्या जुन्या विहिरींच्या मालकांना ते फोन करतात. तुला सप्टेंबरात त्यानेच केला होता. घराची नळी तोडा, काम संपेपर्यंत घरच्यांनी दुसरीकडे राहावं, हॉटेलचा खर्च कंपनीचा. आणि तू म्हणालास, "तिथे माझी बहीण आणि आत्या आहे. मी कळवतो त्यांना."

मी विचारलं, "डिसेंबरात त्याने पुन्हा फोन केला होता ना? धोका आहे का विचारायला?"

त्याने मान हलवली. "नाही, बाई. सप्टेंबरनंतर त्यांचा आवाज आम्ही ऐकलेला नाही."

मी त्याला पुन्हा विचारलं, कान नीट नाहीत म्हणून. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

सप्टेंबरात तू विसरलास असं मी धरलं असतं. माणूस विसरतो. तू फोनवर रडून म्हणाला असतास की नेड, डोक्यातून गेलं, तर मी मान्य केलं असतं आणि आयुष्यभर तेच लोकांना सांगितलं असतं. पण नोव्हेंबरात तू मला चालू ठेव म्हणून लिहिलंस. आणि मी घाबरून विचारलं तेव्हा "बोललो त्यांच्याशी" म्हणून कार्ड पाठवलंस. ते कार्ड विसरून लिहिता येत नाही. मी किती बाजूंनी विचार केला, डेल. तुझी काही अडचण असेल, वकिलाने भरीला घातलं असेल, थोडेच दिवस आहेत, निभेल, असं तुला वाटलं असेल. तसंच वाटलं असणार. आम्ही मरावं असं तुझ्या मनात नव्हतं, एवढं मी तुला ओळखते. आम्ही मेलो तरी चालेल एवढंच होतं.

काल तुझ्या वकिलाचा फोन चर्चमध्ये आला. तुझ्या आधी त्याचा. शेवटची ज्योत कोणत्या तारखेला जळत होती, एवढंच त्याला हवं होतं. मी तारीख सांगितली, खरी. पुढे तुझ्या चेकचं काय होतं ते तुम्ही दोघं बघा. मला त्यातलं काही कळवू नकोस.

इतके आठवडे मी टेकडीला भीत होते. आता इथे दगडी भिंती आहेत, चर्चच्या बायका दोन वेळ जेवण आणतात, गॅस शहरातला आहे आणि त्याला वास येतो. तरी मी अजून बूट घालूनच झोपते. मला तुझी भीती वाटते. वाजणाऱ्या प्रत्येक फोनला मी दचकते, तू असशील म्हणून, आणि तू गोड बोललास तर मी पुन्हा विश्वास ठेवीन म्हणून.

आत्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तू लांब राहून आमची ऊब आहे की नाही एवढी काळजी करत होतास. ती बायकांना सांगते, माझ्या भाच्याने शेगडीची चौकशी करायला पत्र लिहिलं होतं, अगदी घर उडायच्या आधी, रक्ताला कळतं. बायका डोळे पुसतात. हॉबर्ट उठून बाहेर जातो.

ती तुला भेटायला बोलावते आहे. रोज म्हणते, लिही त्याला, लिही. तर लिहिते. तिचे फार दिवस राहिलेले नाहीत आणि तिच्या कुशीत तूही वाढलायस, तो हक्क मी काढून घेणार नाही. ये तू. ती पुढच्या बाजूच्या खोलीत असते, दुपारी जागी असते. यायच्या आदल्या दिवशी हॉबर्टला कळव, मला नको. तू असशील तितका वेळ मी दुसरीकडे जाऊन बसेन, आणि आत्यासमोर माझी चौकशी केलीस तर तिला सांगायला हॉबर्टजवळ काहीतरी कारण देऊन ठेवीन.

नेड्रा